बिब्ब्याची रेघ

निर्मलचा घाट चढून गाडी वर आली की मी खिडकीची काच खाली करते. आश्विन संपत आलेला असतो. वावरांतून सोयाबीन निघून गेलेलं, कुटाराचे ढीग लागलेले, आणि त्या कुटाराचा कोरडा, गोडसर वास रस्त्यावर येऊन बसलेला. गुडीहत्नूर मागे पडलं की बाभळींना कापूस दिसू लागतो. ठासून भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना बाजूच्या काट्यांना थोडं थोडं देत जातात. लहानपणी माझी खात्री होती की बाभळीलाही वर्षातून एकदा बोंडं फुटतात. शाळेत मी ते ठणकावून सांगितलंही होतं. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, उद्या एक बोंड तोडून आण. मी गेले, हात ओरबाडून घेतले, बोंड काही मिळालं नाही. माझं विज्ञानाचं शिक्षण तिथे सुरू झालं असं मी समजते.

हा हंगाम आला की माझं मन कामातून उठतं. प्रयोगशाळेत बसलेली असते, समोर आलेख असतो, आणि डोळ्यांपुढे मात्र पऱ्हाटीची रांग येते. बोंडं पूर्ण उमललेली, पांढरी, दव वाळायची वाट पाहणारी. कापूस ओला असताना वेचत नाहीत, म्हणून बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून उन्हाची वाट पाहतात, तंबाखू मळतात, एकमेकींच्या सासूची टिंगल करतात. त्या रिकाम्या अर्ध्या तासाची आठवण मला कुठल्याही सणापेक्षा जास्त येते.

मी किरणं मोजते. हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कर्करोगावर किरणांचे उपचार होतात. तिथे मशीनमधून निघालेलं किरण माणसाच्या अंगात नेमकं किती उतरलं, हे शोधणं माझी नोकरी आणि तेच माझं संशोधन. आदिलाबादकडच्या, भीमपूरजवळच्या आमच्या गावात हे समजावताना माझी दमछाक होते. किरण दिसत नाही, त्याला वास नाही, लगेच चटकाही बसत नाही. मग मोजतेस काय, असं कुणीही विचारणारच. मोठ्या मायनं एकदा ओसरीवर बसून सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं, "आमची संगी गिरदावर हाय. फक्त तिचं वावर कोनाले दिसत नाई." पीकपाणी तपासायला येणाऱ्या सरकारी माणसाला आमच्याकडे निजामाच्या काळापासून गिरदावर म्हणतात. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. आई भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघाली की मी दिवसभर मोठ्या मायच्या पदराला असायचे. वावरात जाताना ती मला कडेवर घ्यायची आणि येताना कापसाच्या गाठोड्यावर बसवायची. मला अक्षरं आईनं शिकवली. ऊन, वारा आणि माणसं ओळखायला मोठ्या मायनं.

माझं हत्यार अगदी किरकोळ दिसतं. नखाच्या अर्ध्याएवढी पांढुरकी चकती. ती रुग्णाच्या कातडीवर चिकटवायची, उपचार झाला की काढून घ्यायची. बाहेरून तिच्यात काही फरक पडलेला दिसत नाही. पण तिच्या पोटात किरणांनी काहीतरी ठेवून दिलेलं असतं. अंधाऱ्या यंत्रात ती तापवली की ते ठेवलेलं उजेड होऊन बाहेर येतं, आणि किती उजेड आला त्यावरून किती किरण उतरलं ते कळतं. महिना जाऊ द्या, दोन महिने जाऊ द्या, ती धरून बसते. एकदा तापवली की मोकळी. पुन्हा तापवा, काही नाही. इतक्या वर्षांत किती चकत्या तापवल्या असतील, तरी आलेख वर चढू लागला की मला अजून वाटतं, कुणीतरी बोलायला तोंड उघडलं.

माणसाचं तसं नसतं. मोठ्या मायचा तो हंगाम मी किती जणांना सांगितला, दर वेळी वाटलं की आता झालं, आता रिकामी झाले. आणि पुढच्या वर्षी बाभळींना कापूस लागला की तो सगळाच्या सगळा परत येतो.

त्या वर्षी पेरण्या आटोपल्या तेव्हा छातीतली गाठ तिच्या हाताला लागली. तिनं ती निंदण होईपर्यंत कुणाला सांगितली नाही, कारण निंदणीत घरात भांडण नको. पोळ्याच्या आधी शस्त्रक्रिया झाली, डावी छाती काढली. मग पंचवीस दिवसांचे किरण ठरले, सोमवार ते शुक्रवार, आणि मोठी माय माझ्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आली. येताना तिनं तूरडाळ, ज्वारीचं पीठ, वाळलेल्या मिरच्या आणि एक केरसुणी आणली. हैदराबादेत केरसुणी मिळते हे तिला पटवून देणं मला जमलं नाही.

ते दिवस आठवले की मला त्यांचा उजेड आठवतो. पाऊस ओसरलेला, ऊन अजून कोवळं. ती गॅलरीत पाय पसरून कोथिंबीर निवडत बसायची, आणि खालच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला नाव ठेवायची. हॉस्पिटलात जाताना नवं लुगडं नेसायची, जणू कुणाच्या घरी बोलावणं आहे. आमच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई तेलुगू. वयस्कर, मऊ बोलणाऱ्या. त्या रोज विचारायच्या, "नोप्पी उंदा?" दुखतं का? मोठी माय रोज सांगायची, "लेदु." नाही. बाजारहाटीतून तिला तेलुगू बरंच कळायचं, पण त्या हॉस्पिटलात तिनं हा एकच शब्द वापरला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही तिचं उत्तर लेदुच होतं.

मशीन तिच्याभोवती हळू फिरायचं, थांबायचं, घूं करायचं आणि गप्प व्हायचं. मी काचेपलीकडे पडद्यावर तिला पाहत असायचे. एवढी मोठी खोली, मधे अरुंद फळी, तिच्यावर मोठी माय. हात डोक्यावर घेतलेला, डोळे मिटलेले. बाहेर आल्यावर म्हणायची, "थंडी वाजते, भुंगा वाजते, मंग भायेर. एवढ्याच्यासाठी एवढी मोठी मशीन."

पहिल्याच दिवशी तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या होत्या. रोज मशीन त्या रेघांवर जुळवायचं असतं. रेघ हलली की किरण हललं. घरी नेताना मी तिला बजावलं की या रेघा पुसू द्यायच्या नाहीत, काही झालं तरी. तिनं विचारलं, "काऊन?" मी लिफ्टची वाट पाहत होते, हातात फायली होत्या, वर कुणीतरी माझी वाट पाहत होतं. मी म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं म्हून." तेवढंच बोलले. पुढे जे झालं त्याचं बी तिथे, त्या लिफ्टपुढे, मी माझ्या हातानं पेरलं.

तिनं त्या रेघा जिवापाड जपल्या. ओल्या फडक्यानं अंग पुसायची, झोपताना उजव्या कुशीवर, घाम येईल म्हणून चुलीजवळ, म्हणजे माझ्या गॅसजवळ, उभी राहायची नाही. बारा दिवस झाले, तेरा उरले, आणि मधे दिवाळी आली. चार दिवस सुट्टी. आम्ही दोघी गावी आलो.

घरी कापसाची धांदल होती. पहिल्या वेच्याचं सीतादही होऊन गेलं होतं. वावरात दहीभात शिंपडून, पहिला कापूस वाहून वेचणी सुरू करायची, हा आमचा मान. तो यंदा मोठ्या मायच्या हातून झाला नाही म्हणून ती जरा नाराज होती. घरात खोलीभर कापूस, दाराच्या फटीतून बाहेर आलेला, उंबऱ्यावर, आरशावर, देवाच्या ताम्हणात. मी त्या ढिगावर पडून राहिले, लहानपणी पडायचे तशी. कापसाच्या आत आवाज पोचत नाही. वहिनी, मोठ्या मायची सून, काही विचारत होती आणि ते मला खूप लांबून ऐकू येत होतं.

नरकचतुर्दशीचं न्हाणं आमच्याकडे उजाडायच्या आत. घरातल्या प्रत्येकाला तेल-उटणं लावायचा हक्क मोठ्या मायचा, आणि शेवटी तिला सून लावते. कुणी न्हायलं नाही तर तो नरकात जातो, असं ती आम्हाला सांगायची, आणि स्वतःच्या बाबतीत तिला ही जोखीम घ्यायची नव्हती. मी आदल्या दिवशी म्हटलं, यंदा छातीला पाणी लागू देऊ नकोस. ती म्हणाली, "मी सोय केली हाय. तू नको काळजी करू." मला वाटलं, प्लास्टिक वगैरे बांधणार असेल. मी विचारलं नाही. न विचारण्याची सवय मला तेव्हा चांगलीच लागली होती.

सोय अशी होती. आदल्या दुपारी वहिनी सोडून सगळे वावरात असताना तिनं फळीवरच्या डब्यातून बिब्बे काढले. आमच्याकडे रानातून आलेले बिब्बे आठवडी बाजारात ढिगानं मिळतात. टाचेला भेग पडली की सुईला टोचून दिव्यावर धरायचा, आणि जे काळं तेल सुटतं त्याचा चटका भेगेला द्यायचा. परीट त्याच तेलानं कपड्यांवर खुणा घालायचे. मोठ्या मायनं वहिनीला दिवा आणि आरसा धरायला लावला आणि छातीवरच्या सगळ्या जांभळ्या रेघा सुईच्या टोकानं, बिब्ब्याच्या तेलानं, एकेक करून गिरवल्या. वहिनीनं नंतर मला सांगितलं की तिनं एकही रेघ सोडली नाही. ती म्हणत होती, "परटाची खून जात नाई. कपडा फाटते, पन खून नाई जात." आणि हेही, की संगीनं सांगितलंय, पुसू द्यायच्या नाहीत.

आणि न्हाणं झालं. उटणं लागलं, सुवास आला, अंगणात कारीट फुटलं. मोठी माय ओल्या केसांनी तुळशीपुढे उभी होती, आणि मला ती फार सुंदर दिसली. तिला तेव्हाच खाजायला लागलं असणार. आम्ही हैदराबादेला परतलो त्या सबंध प्रवासात ती पदर धरून बसली होती. मी पुढच्या सीटवर फोनवर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नोप्पी उंदा? लेदु. ती फळीवर झोपली, आणि दोन मिनिटांत तंत्रज्ञानं मला आत बोलावलं. रेघ न् रेघ उतली होती. जिथे जिथे आम्ही आखलं होतं तिथे तिथे पाण्यानं भरलेले फोड, कडेला काळे, बारा दिवसांच्या किरणांनी आधीच नाजूक झालेल्या कातडीवर. मी पाहिलं आणि मला एका क्षणात सगळं कळलं. बिब्बा उतलेला मी लहानपणापासून पाहत आलेय. डॉक्टरीणबाईंनी उपचार थांबवले. जखम वाळल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. आणि मधे जितके दिवस जातील तितके रोगाला मिळतील, हे त्या खोलीत मोठ्या मायखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

मी तिला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि लोकांसमोर बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. शेवटचं वाक्य लिहिते, कारण ते माझं आहे आणि मला ते टाकून देता येत नाही. मी म्हणाले, "किती बी सांगा, अडाणी ते अडाणीच."

ती खाली पाहत होती. पदर नीट केला. मग म्हणाली, "तूच म्हनली होती, पुसू देऊ नको." आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, तिचा मुलगा, येऊन तिला घेऊन गेला. केरसुणी ती माझ्याकडेच ठेवून गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून विचारलं की त्या रेघा कशासाठी आहेत हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का. मी सांगितलं, पुसू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच मऊ आवाजात.

मग दहा दिवस नुसते लोंबकळत गेले. आदिलाबादच्या दवाखान्यात तिची मलमपट्टी चालू होती, दादा फोटो पाठवायचा. माझ्याकडे तिच्या पहिल्या आठवड्यातल्या चकत्या डबीत पडून होत्या, वाचायच्या राहिलेल्या. एका दुपारी मी दार लावून त्या एकेक तापवल्या. आलेख वर चढला, खाली आला. पुन्हा चढला, खाली आला. सगळं जमलेलं होतं, हिशेबाप्रमाणे जितकं उतरायला हवं तितकंच उतरलं होतं. माझे आकडे बरोबर होते, आणि बाई घरी निघून गेली होती. मी तिथे बसून रडले. इतकी वर्षं शिकून मला एका माणसाच्या एका शब्दाचं, त्या काऊनचं, उत्तर देता आलं नव्हतं.

जखम वाळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारी आणा, आता उशीर नको. मी फोन केला तर मोठी माय फोनवर आली नाही, वहिनीकरवी निरोप आला: कापूस फुटला आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, झाले तेवढे पुरे. कापसाचं हे कारण किती खरं आहे ते वहिनीलाही माहीत होतं आणि मलाही. तेरा दिवस बाकी होते. ती आली नाही तर मागचे बारा जवळजवळ पाण्यात, आणि तिच्या जिवाचं काय होईल ते सांगायला मला कुठलाच आलेख लागणार नव्हता.

मी पोचले तेव्हा ती वावरात होती. ऊन नुकतं तापलेलं, दव वाळलेलं. मी काही न बोलता वहिनीकडून एक जुनं लुगडं घेतलं, कमरेला ओटी बांधली आणि तिच्या शेजारच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, शिरले. हात विसरले होते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या मुळाशी रक्त आलं. अर्धं तास संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. एकदा फक्त माझ्या ओटीकडे पाहून म्हणाली की कापसात वाळकी पाती येऊ देऊ नको, व्यापारी भाव पाडतात. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

कापूस वेचताना बोलणं सोपं जातं. एकमेकींच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. मी म्हणाले, "मोठी माय, मी चुकली. तू काऊन म्हनली, अन् मी सांगतलं नाई."

ती वेचत राहिली. एक मूठ ओटीत टाकून म्हणाली, "मंग आता सांग."

आणि मी सांगितलं. कुठल्या पुस्तकातून नाही, समोर होतं त्यातून. सांगितलं की छातीवरची रेघ म्हणजे धुरा. धुऱ्याच्या आत तण आहे, दिसत नाही इतकं बारीक, त्याच्यावर फवारायचं आहे. धुऱ्याच्या पलीकडे आपलंच पीक आहे: फुप्फुस, आणि त्याला लागून काळीज. शेजाऱ्यानं तणनाशक मारलं आणि वारं फिरलं तर आपली पऱ्हाटी कशी आकसते, ते तिनं माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं होतं. ती थांबली. म्हणाली, म्हणजे तणावर मारायचं आणि कापसावर जाऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, तेच. आणि एक फवारणी करून सोडून दिलं तर उरलेलं तण जोर धरतं, हे मी सांगायच्या आधी तीच बोलली.

मग तिनं ओटीतला कापूस दाबून बसवला आणि विचारलं, "एवढं करून तन गेलं का नाई, थे मोजता येते का तुले?"

माझ्या सगळ्या शिक्षणात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "नाई," मी म्हणाले. "किती फवारलं तेवढंच मोजता येते. तन गेलं का नाई, मले माहीत नाई. थांबून पाहा लागते."

"किती?"

"पाच साल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "हे खरं बोलली." तासाच्या टोकाला पोचल्यावर ओटी सोडता सोडता तिनं वहिनीला हाक मारून सांगितलं की सोमवारच्यासाठी ज्वारी दळून ठेव.

हैदराबादेला परतल्यावर आखणी नव्यानं झाली. बिब्ब्याच्या वणांवर शाई टिकेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की सुईनं चार बारीक ठिपके कातडीतच करून टाकू, कायमचे. मी मोठ्या मायला आधी सगळं समजावलं, या वेळी लिफ्टपुढे नाही, खुर्चीवर बसून. ती ऐकून हसली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे, तुळस आहे, पाळणा आहे. आम्ही चार ठिपक्यांसाठी एवढं गंभीर तोंड करतो याची तिला गंमत वाटली. गोंदताना गाणं का म्हणत नाही, असं तिनं तंत्रज्ञाला मराठीत विचारलं. गोंदणारीण गाते म्हणजे सुईकडे लक्ष जात नाही. त्याला काही कळलं नाही, मग मीच जमेल तसं गुणगुणले. चार ठिपके झाले. ती म्हणाली की बाकी डागिने मेल्यावर काढून घेतात, हे कुणी काढत नाही. मला त्या वेळी मरणाचं नाव नको होतं, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी नोप्पी उंदा याला तिनं पहिल्यांदा वेगळं उत्तर दिलं. "कोंचम," म्हणाली. थोडं. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवून तिचा हात धरला.

पंचविसावा दिवस झाला त्या दुपारी मी तिला माझ्या प्रयोगशाळेत नेलं. माझं दुसरं एक काम साध्या मिठावर चालू होतं. चकतीचा जो गुण, तोच थोडाफार घरातल्या मिठालाही असतो. कुठे चुकून किरण सांडलं तर शेजारच्या स्वयंपाकघरातलं मीठ साक्ष देऊ शकतं का, हे मी पाहत होते. काही मिठाला मुद्दाम भरपूर किरण दिलेलं होतं, इतकं की ते गुळासारखं तपकिरी झालं होतं. मी दार लावलं, दिवा मालवला. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो, तिचा हात माझ्या गुडघ्यावर. मग तापलेल्या पत्र्यावर मी चिमूटभर मीठ टाकलं.

निळसर उजेड आला. अगदी फिका, कडेनं आत सरकत गेलेला. मोठ्या मायचा चेहरा त्यात दिसला असं मी म्हणणार नाही, तेवढा तो नव्हताच. पण तिचा श्वास थांबलेला मला कळला. मग उजेड विरला आणि पत्र्यावर साधं मीठ उरलं.

"पुन्ना कर," ती म्हणाली. मी सांगितलं की आता या मिठातून येणार नाही, त्याचं जे होतं ते सांगून झालं. नंतर तिनं हे मीठ भाजीत चालतं का ते विचारलं, आणि आम्ही दोघी त्या अंधारात पोट धरून हसलो.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी, एक पेरणीच्या सुमारास, एक वेचणीच्या. ती दादाबरोबर यायची, बाकावर बसायची, पिशवीतून वांगी किंवा बोरं काढून सगळ्यांना वाटायची. मी निकाल सांगायचे, काही निघालं नाही. ती म्हणायची, बरं. आणि लगेच कापसाच्या भावावर यायची. मी सहकाऱ्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचे की आमच्या मोठ्या मायला भीती माहीतच नाही. मला दर वेळी अहवाल उघडताना बोटं गार पडायची. मी ती पदराखाली लपवायचे, तिला कळू नये म्हणून.

यंदाचा निकाल परवा आला. डॉक्टरीणबाई आता निवृत्तीला आल्यात, पण अहवाल त्यांनीच वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, पाच वर्षं झाली, आता वर्षातून एकदा आणलंत तरी पुरे. हे फोनवर सांगायची माझी इच्छा नव्हती. म्हणून मी सकाळी निघाले, घाट चढले, काच खाली केली.

ती वावरात होती. थकली आहे आता, डावा हात जपून वापरते, दोन ओळी वेचल्या की बसते. मी तिला सांगितलं. तिनं नेहमीचं बरं म्हटलं नाही. हातातलं बोंड तसंच राहिलं.

"पाच झाले?"

"झाले."

ती धुऱ्यावर बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. म्हणाली, "पह्यल्या साली कापूस फुटला, तवा म्हनलं हा पाह्यला. दुसऱ्या साली म्हनलं, हाबी पाह्यला. पेरताना कदी म्हनली नाई का हा आपन येचू. तुले वाटे, तूच मोजते."

मी उभी होते. पाच वर्षं मी तिला निकाल सांगत आले, आणि एक साधी गोष्ट विचारायची राहून गेली होती. "भेव वाटे का तुले, मोठी माय?"

"रोज," ती म्हणाली. मग नाक ओढून माझ्याकडे पाहिलं. "आन तुले?"

या वेळी मी बोटं पदराखाली लपवली नाहीत.

"मलेबी," मी म्हणाले. "रोज."

तिनं मान हलवली, थोडी सरकली आणि धुऱ्यावर मला जागा केली.